सातबाराची परीक्षा कोण घेणार?

पुण्यापासून सोलापूरच्या रस्त्यानें, हडपसर ओलांडून, सुमारें अठरा-वीस किलोमीटर गेलें म्हणजे लोणी काळभोर हें गांव लागतें. एके काळीं कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला पिकविणारें हें गांव आतां तेलकंपन्यांच्या टाक्या, महाविद्यालयांच्या इमारती आणि ‘मोक्याचे प्लॉट’ विकणाऱ्यांचे फलक यांच्या गराड्यांत उभें आहे. आम्ही येथें गेलीं कांहीं वर्षें राहत आहों. शहराच्या काठावरील अशा गांवांत जमिनीचा तुकडा हा एका घरीं शेत असतो, दुसऱ्या घरीं मुलीच्या लग्नाची तजवीज असते आणि तिसऱ्या घरीं, म्हणजे बहुधा आमच्यासारख्या पगारदारांच्या घरीं, गुंतवणूक असते. त्यामुळें ‘सातबारा’ हा शब्द येथें जितक्या वेळां कानांवर पडतो तितक्या वेळां देवाचें नांवहि पडत नसेल.

गांवनमुना सात आणि गांवनमुना बारा यांचें हें जोडनांव शहरी वाचकांसहि आतां परिचित आहे. सातव्यांत जमीन कोणाची व तिच्यावर आणखी कोणाचा कसला हक्क, तें लिहितात; बाराव्यांत तिच्यांत काय पिकलें, तें लिहितात. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालीं झाला, आणि तेव्हांपासून रयतेचें व सरकारचें नातें बव्हंशी या कागदावर तोललें गेलें. हा कागद आतां संगणकावर चढला आहे. केंद्र सरकारनें १९८८-८९ सालीं देशांतील आठ जिल्ह्यांत या कामाचा पहिला प्रयोग मांडला, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. २००८ सालीं त्याला राष्ट्रीय कार्यक्रमाचें स्वरूप आलें, आणि २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळूं लागला. पंधरा रुपये भरावे, घरांतून न उठतां उतारा काढावा. हातानें लिहिलेला सातबारा देणें सरकारनें बंदच केलें आहे.

या सोयीची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. ज्यांनीं पूर्वीचे दिवस पाहिले आहेत ते ती नाकारणारच नाहींत. तलाठी (सरकारनें त्याचें नांव आतां बदललें असलें तरी लोकांच्या तोंडीं तोच शब्द आहे) कोणत्या दिवशीं कोणत्या गांवीं सांपडेल याचा नेम नसे. दप्तर त्याच्या बगलेंत, आणि बगल त्याच्या मर्जींत. उताऱ्यासाठीं तीन खेपा आणि चौथ्या खेपेस चहापाणी, हा क्रम इतका रूढ होता कीं त्याला लांच म्हणावयासहि लोक कचरत. आम्हांस स्वतःस गेल्या वर्षीं एक उतारा हवा होता, तो पांच मिनिटांत मिळाला. त्या रात्रीं जेवतांना आम्ही घरच्या मंडळींपुढें यंत्रयुगाचे गोडवे गाइले, हेंहि येथें कबूल करतों.

परंतु आम्हांस तो पांच मिनिटांत मिळाला याचें कारण, आमच्या उताऱ्यांत चूक नव्हती. ज्याच्या उताऱ्यांत चूक आहे त्यालाहि तो पांच मिनिटांतच मिळतो. चूक तेवढी तशीच राहते. आमचें भांडण यंत्राशीं नाहीं. यंत्राची जी परीक्षा चालली आहे, आणि जिच्या निकालावर मंत्र्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वजण माना डोलवीत आहेत, त्या परीक्षेशीं आहे.

नुसतें प्रतिपादन करून भागणार नाहीं, म्हणून एक हकीकत सांगतों. गांवाचें व कार्यालयाचें नांव सांगत नाहीं, कारण कोणा एकाच्या माथीं खापर फोडण्याचा आमचा हेतु नाहीं. एक वृद्ध विधवा आमच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या वडिलांच्या पश्चात् जमिनीवर भावाचें नांव कब्जेदार म्हणून लागलें, आणि बहिणीचें नांव ‘इतर हक्क’ या रकान्यांत लिहिलें गेलें. आपल्याकडे बहिणींचीं नांवें पुष्कळदां अशींच, पानाच्या कडेला, अंग चोरून उभीं असत. हातचा उतारा संगणकांत उतरवितांना तो रकाना कोणीतरी अर्धाच उतरविला, आणि बाईंचें नांव गळलें. कोणी मुद्दाम केलें असें आम्ही म्हणत नाहीं. हजारों पानें उतरविणारा मनुष्य थकतो. बाईंना हें कळलें तें भाच्यानें जमीन विकावयास काढली तेव्हां. त्या कार्यालयांत गेल्या. तेथला कारकून उद्धट नव्हता. त्यानें पडदा त्यांच्याकडे वळवून दाखविला. बाई संध्याकाळीं आमच्याकडे येऊन म्हणाल्या, ‘‘सर, मशीनमधी मी न्हाई म्हणत्यात.’’

पुढें जें घडलें तें कायद्याप्रमाणेंच घडलें. महसूल संहितेच्या १५५ व्या कलमांत लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. तहसीलदारांकडे अर्ज करावा. अर्जास पुरावा हवा. पुरावा म्हणजे जुना हस्तलिखित उतारा व फेरफाराची नक्कल, तीं अभिलेखकक्षांत, त्यांसाठीं वेगळा अर्ज. आणि प्रत्येक तारखेला जोडावयास सध्यांचा ताजा उतारा. दीड वर्षांत बाईंनीं असे चार उतारे काढले. चारींवर त्यांचें नांव नव्हतें, आणि तें नव्हतें हें दाखविण्यासाठींच ते काढले होते.

आतां परीक्षकाची वही उघडून पहा. त्या वहींत या हकीकतीची नोंद अशी पडते: सेवा दिल्या चार, चारी मुदतींत दिल्या. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ सालीं झाला. सेवा मुदतींत दिली नाहीं तर अधिकाऱ्यास पांचशेंपासून पांच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे, आणि तो कायदा चांगला आहे. पण त्याच्या तराजूंत उताऱ्याचा वेळ तोलला जातो, उताऱ्याचा खरेपणा नव्हे. बाईंच्या हातीं खोटा कागद चार वेळां वेळेवर पडला, म्हणून यंत्र चार वेळां उत्तीर्ण झालें. किंबहुना दप्तरांत चुका जितक्या अधिक, तितके लोक उतारे अधिक काढणार, आणि तितका वर्षअखेरचा आंकडा फुगणार. रोग्यांची गर्दी वाढली म्हणून गांवाचें आरोग्य सुधारलें असें म्हणणारा वैद्य आम्ही अद्यापि पाहिला नाहीं; पण उताऱ्यांची संख्या वाढली म्हणून दप्तर सुधारलें असें म्हणणारे अहवाल मात्र रोज वाचतों.

हें इतकें मनावर घेण्याजोगें कां, तें त्याच संहितेच्या १५७ व्या कलमांत आहे. हक्कनोंदींतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जावी असें तें कलम सांगतें. या गृहीतामागें एक जुना व्यवहार होता. फेरफाराची नोंद झाली कीं संबंधितांस नोटीस जाई, हरकतीस पंधरा दिवस मिळत, मंडल अधिकारी किंवा त्याच्या वरचा अंमलदार ती प्रमाणित करी, आणि मगच ती खरी ठरे. आजहि नव्या फेरफाराला हीच वाट आहे. पण जुनें पान यंत्रांत उतरवितांना जें गळलें त्याला नोटीस कोठली आणि हरकत कोठली? तो फेरफार नव्हताच. ती केवळ नक्कल होती. नकलेनें मुळाचा मान घेतला, आणि ज्या नोंदीमागें कोणतीहि सुनावणी झाली नाहीं तिला कायद्याचें सगळें कवच आयतें मिळालें. पुराव्याचा भार कोणावर? यंत्रावर नव्हे, सत्तरीच्या बाईंवर.

सरकारला हें उमगलें नव्हतें असें नाहीं. २०१७ च्या सुमारास चावडीवाचनाची मोहीम निघाली: संगणकांतील उतारा चावडींत मोठ्यानें वाचावा, खातेदारांनीं ऐकून चुका सांगाव्या, आणि हस्तलिखिताशीं ताडून त्या दुरुस्त कराव्या. या साऱ्या उद्योगांत याहून शहाणपणाची गोष्ट दुसरी झाली नसेल, असें आमचें मत आहे. आणि पुष्कळ चुका त्या वेळीं निघाल्या व दुरुस्तहि झाल्या. पण मोहिमेला मुदत असते, आणि मुदत संपली म्हणजे काम पुरें झालें असें धरून चालण्याची आपल्या सरकारी दप्तराची जुनी खोड आहे. शिवाय ज्या बहिणी लग्न होऊन दुसऱ्या गांवीं गेल्या त्या चावडींत येणार कशा, हा प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या कानीं नाहीं.

कोणी म्हणेल, नव्या गोष्टीला आरंभीं अशा अडचणी यावयाच्याच. अशा वाचकास आम्ही याच सोलापूर रस्त्यानें आणखी पुढें, इंदापूरपर्यंत येण्याची विनंति करतों. पेशवाई गेल्यानंतर दहा वर्षांच्या आंत पुणें जिल्ह्यांत प्रिंगल या तरुण अंमलदारानें जमिनींची मोजणी आरंभिली. हा हेलीबरीच्या विद्यालयांत माल्थसच्या हाताखालीं शिकलेला मनुष्य; अर्थशास्त्र त्याला मुखोद्गत. जमिनीचे नऊ प्रकार, प्रत्येकाचें उत्पन्न, त्यांतून खर्च वजा जातां राहणारा निव्वळ नफा, आणि त्या नफ्याचा शेंकडा ५५ हिस्सा सरकारचा, असें त्याचें गणित होतें. कागदावर त्यांत बोट ठेवावयास जागा नव्हती, आणि १८३० च्या सुमारास तें अमलांत आलें. पण मोजणी करणारे हाताखालचे लोक होते, आणि त्यांचीं मापें कोणी शेतांत उभें राहून ताडलीं नव्हतीं. लांच देणाऱ्याची जमीन हलकी ठरली, न देणाऱ्याची भारी. सारा थकला, रयत गांव सोडून गेली, शेतें पडीक पडलीं. शेवटीं १८३५ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट इंदापुरास जाऊन बसले, त्यांनीं शेतें पुन्हां पाहिलीं, दर उतरविले, आणि तीस वर्षें ते बदलणार नाहींत असें ठरविलें. मुंबई इलाख्याची मोजणी पुढें ज्या पायावर उभी राहिली तो पाया हा. प्रिंगलचें यंत्र बुद्धीचें होतें, आजचें विजेचें आहे. पण दोहोंचें मर्म एकच, कीं जें आंत घातलें तेंच बाहेर येतें. प्रिंगलच्या गणिताची परीक्षा त्याच्याच कचेरींत झाली असती तर तें पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झालें असतें. तें नापास झालें तें इंदापूरच्या पडीक शेतांत.

हें आपल्याकडेच घडतें असें नाहीं. मॅंचेस्टर येथील अभ्यासक रिचर्ड हीक्स यांनीं २००३ सालीं विकसनशील देशांतील अशा सरकारी संगणक-योजनांचा एक अंदाज मांडला. त्यांच्या मतें शेंकडा ३५ योजना सर्वस्वीं फसतात, शेंकडा ५० अंशतः फसतात, आणि जेमतेम १५ सफल होतात. हा अंदाज आहे, जनगणना नव्हे, आणि त्याला आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. पण त्यांतील मधला वर्ग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. सर्वस्वीं फसलेली योजना कोणापासून लपत नाहीं. यंत्रें धूळ खात पडलेलीं दिसतात. अंशतः फसलेली योजना मात्र चालू असते, रोज कागद देते, आणि म्हणून सफलतेच्या खात्यांत जमा होते. जिची परीक्षा खरोखर घ्यावयास हवी ती हीच, आणि नेमकी हीच परीक्षेवांचून वरच्या वर्गांत जाते.

शेजारच्या कर्नाटकांत २००१ सालीं ‘भूमि’ नांवाची योजना झाली. सुमारें दोन कोटि अभिलेख यंत्रांत गेले, तालुक्याच्या ठिकाणीं पंधरा रुपयांत उतारा मिळूं लागला, आणि जगभर तिची वाहवा झाली. मग २००७ सालीं सॉलोमन बेंजामिन आणि त्यांचे सहकारी यांनीं बंगलोरभोंवतालच्या भागांत हिंडून दुसरी बाजू मांडली. माहिती एके ठिकाणीं गोळा झाल्यानें जमिनीचे मोठे गिऱ्हाईक कोठली जमीन उचलावी हें झटकन् हेरूं लागले, आणि लहान खातेदाराचे हेलपाटे व खर्च कमी झाले नाहींत, असें त्यांचें म्हणणें. त्यांचे सगळेच निष्कर्ष आम्ही पत्करतों असें नाहीं. पण बंगलोरच्या कांठीं जीं खेडीं, तेंच पुण्याच्या कांठीं लोणी काळभोर, हें विसरून चालणार नाहीं. येथें उतारा सर्वांस सारखाच खुला आहे खरा; परंतु विहिरीचें पाणी सर्वांस खुलें असलें तरी दोर ज्याचा लांब त्याचीच घागर भरते.

आपल्या घरचेंहि एक उदाहरण आहे. १९९८ सालीं वारणानगरच्या परिसरांतील सत्तर खेडीं संगणकांनीं जोडण्याची योजना झाली. शेतकऱ्यानें त्यावर बाजारभाव पहावे, पिकांचा सल्ला घ्यावा, जगाचें ज्ञान मिळवावें, असा बेत होता. कांहीं वर्षांनीं बंगलोरच्या संशोधकांनीं गांवांत जाऊन पाहिलें तों हे संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबासाठीं, म्हणजे कारखान्याच्या सोयीसाठीं, वापरले जात होते. तेव्हां त्यांनीं कांहीं गांवांत संगणकाच्या जागीं साधा मोबाईल आणि लघुसंदेश आणून तेंच काम फार थोड्या खर्चांत करून दाखविलें. या परीक्षेचें आम्हांस कौतुक वाटतें, कारण परीक्षकांनीं ‘यंत्रें किती बसविलीं’ हें विचारलें नाहीं, ‘मनुष्य त्यांच्यापुढें बसून काय करतो’ हें पाहिलें.

याच्या उलट आपल्याकडील रूढ पद्धत. योजना ज्या खात्याची, आंकडे त्याच खात्याचे. परीक्षक नेमणारें व त्याचें बिल भागविणारें तेंच खातें. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च ही मान्यवर संस्था आहे. तिनें २०२० सालीं राज्याराज्यांच्या भूमिअभिलेखांचा निर्देशांक काढला, त्यांत महाराष्ट्र पहिल्या पांचांत आला. तें काम उपयुक्त आहे, त्याची कुचेष्टा करण्याचें आमच्या मनांत नाहीं. पण दप्तराची तुलना दप्तराशीं करून जें कळतें तें दप्तराविषयींच कळतें. दप्तरांत ज्यांचें नांवच नाहीं तीं माणसें असल्या निर्देशांकांत कोठून येणार?

आणि आतां थोडें आमच्याविषयीं, म्हणजे हें मासिक वाचणाऱ्या वर्गाविषयीं. या यंत्राच्या यशाचे साक्षीदार म्हणून सरकार ज्यांना पुढें करतें ते आपण आहों. पुण्यांत बसून लोणीचा उतारा आपल्याला मोबाईलवर दिसतो, संकेतशब्द येतो, पंधरा रुपये जातात, आणि आपण म्हणतों, ‘‘वा! कारभार सुधारला.’’ आपण खरेदीदार असतों, विकणारा नव्हे. आपल्याला स्वच्छ, एकनांवी उतारा हवा असतो. ज्या उताऱ्यावर बहिणींचीं नांवें, कुळांचे हक्क, सामाइक विहिरीचे वाटे यांची दाटी आहे त्याला आपण ‘भानगडीचा’ म्हणतों. बाईंचें नांव गळाल्यामुळें त्यांच्या वडिलांचा उतारा स्वच्छ झाला होता. तो आमच्यासारख्याच कोणा सद्गृहस्थानें कौतुकानें पाहिला असेल.

तेव्हां परीक्षा व्हावी कशी? आम्ही इंजिनियर नाहीं. पण साधी युक्ति सुचते. लोणी काळभोरच्या सर्व गटांच्या चिठ्ठ्या टाकाव्या आणि त्यांतून शंभर उचलाव्या. त्या शंभरांचा यंत्रांतील उतारा, जुनें हस्तलिखित पान आणि फेरफाराचें पुस्तक हीं तिन्ही समोरासमोर ठेवावीं. मग शेतावर जावें. तेथें कोण राबतो तें पहावें, घरांतील बायकांना, आणि दुसऱ्या गांवीं नांदणाऱ्या बहिणींनाहि, विचारावें कीं तुमचा वाटा यांत आहे का. जेथें चूक निघेल तेथें ती दुरुस्त होईपर्यंत दिवस मोजावे आणि खेपा मोजाव्या, आणि तो आंकडा चावडीच्या दारावर लावावा. हें काम खात्यानें करूं नये; पुण्यांतील महाविद्यालयांनीं करावें. आमचे विद्यार्थी दर वर्षीं प्रकल्पाच्या नांवाखालीं इंटरनेटवरून पानेंच्या पानें उतरवून आणतात. त्यांचे पाय चार दिवस ढेकळांत पडले तर परीक्षेंतील गुण कमी होतील असें आम्हांस वाटत नाहीं.

यांत नवें कांहींच नाहीं. थॉमस कोट्स नांवाच्या डॉक्टरनें लोणी गांवाची बारीक पाहणी केली, ती १८२३ सालीं प्रसिद्ध झाली. (तें लोणी आमचें नव्हे, नगर रस्त्यावरचें लोणीकंद, नांवसारखेपणामुळें घोटाळा होतो, आणि एका सभेंत आम्हीं स्वतः तो केला आहे.) घरें, शेतें, औतें, खाणेंपिणें, कर्ज, सगळें त्यानें पाहून लिहिलें. सवाशें वर्षांनंतरचें तेंच गांव डॉ. घुर्ये यांनीं पुन्हां अभ्यासिलें आणि १९६० सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. दोघांपाशींहि यंत्र नव्हतें. गांवांत जाण्याची तयारी होती.

बाईंच्या अर्जाची सुनावणी अजून चालू आहे. हस्तलिखित पानाची नक्कल मिळाली. तींत त्यांचें नांव स्पष्ट आहे, शाईहि फारशी फिकी झालेली नाहीं. पुढच्या तारखेला सोबत यावें असें त्यांनीं आम्हांस सांगितलें आहे, आणि निघण्यापूर्वीं पांचवा ताजा उतारा मोबाईलवर काढून ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें आहे.